जुन्या घराचा पहिला मालक कसा शोधावा

साताऱ्याच्या एखाद्या पेठेतला वाडा घ्या. चौकटीवर शके कोरलेला असला की लोक तीच मालकीची तारीख धरतात. शकावरून फार तर बांधकाम कधीचं ते कळतं. जमीन त्याआधी कोणाकडं होती आणि नंतर कोणाकडं गेली, हे कागदच सांगतील. ते आजच्या कागदापासून मागं मागं जात वाचायचे असतात.

भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल सगळेच काढतात. चौकशी नोंदवहीचा उतारा मात्र मागायचा राहतो, आणि खरा माल तिथंच असतो. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालं तेव्हा घरावर हक्क कोणी सांगितला आणि कोणता कागद दाखवला, हे त्या वहीत मिळतं. दस्ताचा क्रमांक आणि साल हाती आलं की दुय्यम निबंधकांकडं (दस्त नोंदणी कार्यालयात) पुस्तक १, म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदवही, पाहा. फी भरून ते कोणालाही पाहता येतं. त्याच्या दोन सूची असतात: ‘सूची दोन’ मिळकतीवरून लागते, ‘सूची एक’ नावांवरून. नगरपालिकेचे घर नंबर फेरआकारणीत बदलतात, त्यामुळं मी तरी आधी सूची एक पाहायला सांगेन. कर आकारणी वहीतलं नाव कर भरणाऱ्याचं असतं, त्यावर मालकी ठरत नाही.

गाव त्या साली कोणाच्या अमलात होतं, हेही आधी पाहावं लागतं. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, तर सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे १८९० चं साताऱ्यातलं खरेदीखत इंग्रजी अमलातलं आणि सांगलीतलं संस्थानी. आटपाडी औंध संस्थानात होती. तासगाव, इस्लामपूर सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा तासगावच्या जुन्या दस्तावर ‘जिल्हा सातारा’ दिसलं तर दचकू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मुदत खरेदीत. दस्तात घर ५०० रुपयांना कायम विकल्याचं लिहिलेलं असतं. त्याच दिवशी दुसरा कागद होतो: पाच वर्षांत पैसे परत आले तर घर परत लिहून देईन. म्हणजे व्यवहार कर्जाचा, कागद खरेदीचा. १९२९ च्या कायदादुरुस्तीनं ही अट खरेदीच्याच दस्तात असली पाहिजे, असं ठरलं. त्याआधी ती वेगळ्या कागदावर चालून जाई, आणि तो कागद कोणाच्या तरी ट्रंकेत पडून राही. ओळखायचं कसं? विकणारा घरातच राहतो आणि घेणाऱ्याला भाडेचिठ्ठी लिहून देतो. भाडं महिना पाच रुपये असेल तर हिशेब करा: ५०० वर दरमहा शेकडा एक. भाडं कसलं, व्याजच ते! शिवाय कर आकारणीत नाव जुन्याचंच चालू राहतं. एवढं सगळं जुळलं तर ‘नवा मालक’ बहुधा सावकार होता असं धरून पुढं शोधा.

काही व्यवहार पुस्तकात सापडतच नाहीत. इंग्रजी हद्दीत शंभर रुपयांच्या आतल्या खरेदीला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून नव्व्याण्णव रुपयांची खरेदी करण्याची युक्ती चाले. गहाणखताच्या पाठीवर पैसे पोचल्याचा जो शेरा मारत, त्यालाही नोंदणीची सक्ती नव्हती. त्यामुळं सूचीत घर गहाण पडलेलं दिसतं, सुटलेलं दिसत नाही.

नावापुढची अक्षरंही वाचा. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, घरात इतरांचाही हिस्सा आहे. ‘अ. पा. क.’ असेल तर ते नाव अज्ञानाच्या, म्हणजे वयात न आलेल्याच्या, पालनकर्त्याचं; मालक तो अज्ञान मुलगा. मोडी दस्तात ‘आपली तक्षीम’ विकली असेल तर गेला तो हिस्सा, अख्खा वाडा नव्हे.

मोडी कागदावर ‘तिसा अशरीन मयातैन व अलफ’ असं साल आलं तर ते शुहूर सन १२२९; या जुन्या कालगणनेत साल अरबी शब्दांत लिहीत. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ६०० मिळवले तर निम्मे कागद वर्षभर पुढं सरकतात, आणि बाप आधी की मुलगा हेच उलटं होऊन बसतं.

शेवटी चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे ते. आपल्या दस्तात ‘पूर्वेस अमक्याचं घर’ असेल तर त्या अमक्याचा दस्त काढा. त्याच्या पश्चिमेस आपल्या मालकाचं नाव आलं पाहिजे. आलं नाही तर दोन शक्यता: दस्त दुसऱ्याच घराचा आहे, किंवा मधे एक खरेदी राहून गेली आहे. क्षेत्रफळ जुळवत बसू नका. जुना कागद घर खणांत सांगतो, आणि खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. त्याची लांबी घरागणिक वेगळी. कागदात आठ खण असतील तर टेप बाजूला ठेवा आणि सोप्यापासून (ओसरीपासून) खांब मोजत चला.