डोम मिडरेंजचा खालचा काठ

मंडळी, डोम मिडरेंज, म्हणजे मधले सूर वाजवणारा घुमटाकार पडद्याचा स्पीकर, हातात आला की बहुतेकांची नजर वर जाते. ट्वीटरशी (वरचे सूर वाजवणारा स्पीकर) सांधा ३००० हर्ट्झला जुळवायचा की ४०००ला? मी मात्र आज बराच वेळ त्याच्या सुरांच्या खालच्या काठावरच रेंगाळणार आहे, कारण डोम फसतो तो तिथे.

त्याची घडण पाहा. कोनाच्या स्पीकरला कड आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचिक चकती) असे दोन आधार असतात. डोमला बहुधा एकट्या कडेचा. खालचे सूर जोरात आले की व्हॉइस कॉइल (पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी) डुलते, प्रसंगी चुंबकाच्या फटीत घासते. त्यात नियम असा, की आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरलात, तर पडद्याला चौपट हलावं लागतं.

म्हणून जाणकार सांगतात, अनुनादाच्या (ज्या सुराला पडदा आपोआप सर्वात जास्त थरथरतो) निदान एक सप्तक वर क्रॉसओव्हर, म्हणजे दोन स्पीकरांत सूर वाटून देणारा सांधा, घ्या. अनुनाद ४०० हर्ट्झला असेल, तर क्रॉसओव्हर ८००ला. सल्ला चांगला आहे. मग आपण सूत्र काढतो, त्यात स्पीकरचे ६ ओहम घालतो, ३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो. झालं काम!

कसलं झालं? स्पीकर म्हणजे रेझिस्टर नव्हे. अनुनादापाशी त्याचा इंपीडन्स (विजेला होणारा एकूण अडथळा) डोंगरासारखा चढतो. समजा, तिथे तो २४ ओहम झाला. ४०० हर्ट्झला आपल्या कपॅसिटरचा अडथळा साधारण १२ ओहम. समोर खरोखर ६ ओहम असते, तर ७ डेसिबल घट मिळाली असती. २४ असल्यामुळे मिळते जेमतेम १. जिथे राखण हवी, तिथेच दार सताड उघडं. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं आणि चिरक्या आवाजाचं खापर आठवडाभर ट्वीटरवर फोडत होतो.

उपाय म्हणजे हा डोंगर सपाट करणे. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर एका ओळीत जोडून ती साखळी डोमला समांतर लावायची. आपल्या उदाहरणात, विद्युत क्यू (अनुनादावर विजेच्या बाजूने किती लगाम आहे, ते सांगणारा आकडा) १ धरला, तर २.४ मिलिहेन्री, ६६ मायक्रोफॅरड आणि ८ ओहम. (कॉइलच्या तारेचा रोध त्या आठातच मोजा, हे हमखास विसरतं.) आता ८ आणि २४ समांतर करून पाहा. बरोबर ६! हे आकडे मात्र उचलून वापरू नका, आपल्या डोमचा इंपीडन्स मोजूनच काढा.

आता उताराकडे. मागून बंद असलेला डोम अनुनादाखाली स्वतःच सप्तकामागे १२ डेसिबल उतरतो. त्यावर १२चा फिल्टर लावला की २४ झाले, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण डोमचा स्वतःचा उतार ४००खाली सुरू होतो, आणि आपल्याला तो ८००ला हवा असतो. लिंकविट्झ-रायली या प्रचलित क्रॉसओव्हर जुळणीत तर क्रॉसओव्हरला दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये, म्हणजे लहरी एकाच तालात, हव्यात. तेव्हा लक्ष्य ठेवायचं ते मायक्रोफोनने मोजलेल्या आवाजाच्या वक्राचं. सर्किटचा वक्र त्यासाठी वेडावाकडा झाला तरी होऊ द्या.

वरच्या टोकाला काम त्या मानाने सोपं. ३००० हर्ट्झची लहर साधारण साडेअकरा सेंटिमीटरची, म्हणून ट्वीटर डोमच्या जितका जवळ बसेल तितकं बरं.

शेवटी एक चाचणी. डोमच्या तारा उलट्या जोडा आणि पुन्हा मोजा. ८००ला खोल खड्डा पडला, तर वूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) आणि डोमची फेज जुळली आहे. खड्डा उथळ किंवा सरकलेला दिसला, तर पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवा.