सायकलला कुलूप तर घालता, पण नेमकं कुठून?

(टेबलावर तीन कुलपं: केबल लॉक, साखळी, आणि यू-लॉक, म्हणजे यू आकाराची पोलादी कडी नि तिला जोडायचा आडवा दांडा. शेजारी लांब दांड्यांचा कटर.)

नमस्कार मंडळी. ही केबल बघा. बोटाएवढी जाड दिसते, वेटोळं करून सीटखाली बसते, वजनालाही हलकी. आता हा कटर घेते.

(कट्.)

तुटली. आत काय आहे बघा, जवळ धरते. बारीक तारांचा पीळ, आणि बाकीची सगळी जाडी प्लॅस्टिकची. रस्त्यावर सायकल लावायची असेल तर मुख्य कुलूप म्हणून केबल बाद. पुढचं चाक नाहीतर हेल्मेट अडकवायला ठेवा, तेवढ्यापुरती ती बरी आहे.

मग लगेच प्रश्न येतो, "न तुटणारं कुलूप सांगा ना!" तसं कुलूप नाही. हातात धातू कापायचा ग्राइंडर आणि भरपूर वेळ असला की सगळं तुटतं. पण चोराकडे भरपूर वेळ नसतो. तो सायकलींच्या रांगेपुढून जाता जाता हिशेब करतो: किती वेळ लागेल, किती आवाज होईल, कोण बघतंय, आणि हे सगळं करून हातात काय येणार. आपल्याला फक्त हा हिशेब बिघडवायचाय. आणि माझ्या मते कुलूप निवडताना लोक जेवढे चुकतात त्याहून जास्त ते लावताना चुकतात. महागडं कुलूप आणायचं आणि पुढच्या चाकात अडकवून निघून जायचं. परत येऊन बघावं तर कुलूप शाबूत, चाक शाबूत, बाकीची सायकल गायब!

कारण बऱ्याच सायकलींच्या चाकाला असतो क्विक रिलीजचा खटका. इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांनी 1930च्या दशकात तो आणला. शर्यतीत सायकलस्वाराला पाना न वापरता चाक काढता यावं, हा हेतू. चोराचीही तेवढीच सोय झाली.

(कॅमेरा सायकलच्या मागच्या भागावर.)

आता आजच्या व्हिडिओतला मुख्य भाग. इथं बघा. सीटखालचा उभा पाईप, पेडलपासून मागच्या चाकाच्या आसाकडे जाणारा पाईप, आणि सीटपासून त्याच आसाकडे उतरणारा पाईप. तिघांचा मिळून त्रिकोण झाला. मागचं चाक या त्रिकोणातून फिरतं. तर यू-लॉक घ्यायचं, या त्रिकोणाच्या आत रिम आणि टायरला वेढा घालायचा, आणि त्याच वेढ्यात स्टँडचा पाईप घ्यायचा. बंद. फ्रेमला कुलूप लागलंच नाही असं वाटतंय ना? चाक काढून बघू या.

(मागचं चाक सैल करून ओढून दाखवते.)

येत नाही. कुलूप त्रिकोणात अडकतं. म्हणजे एका छोट्या कुलपात मागचं चाक आणि फ्रेम, दोन्ही आले. ही युक्ती माझी नाही. शेल्डन ब्राउन नावाचे अमेरिकन सायकल मेकॅनिक होते, 2008 मध्ये वारले. त्यांनी ही पद्धत लिहून लोकांपर्यंत पोचवली. तिच्यावर आक्षेप ठरलेला आहे: चोर रिमच कापेल की! कापू शकतो. पण साध्या करवतीनं कापायला गेला तर ताणलेले स्पोक रिमला आवळत असतात, त्यामुळे पातं चिमटतं. ग्राइंडरनं कापली तर मागचं महागाचं चाक भंगारात गेलं, आणि सायकल चालवत पळता येत नाही ती नाहीच. कार्बनची रिम असेल तर मात्र या भरवशावर राहू नका, फ्रेमचा पाईपही वेढ्यात घ्या.

छोटं कुलूप म्हणाले ते मुद्दाम. यू-लॉकच्या आत जितकी रिकामी जागा, तितकी चोराची सोय. त्या जागेत गाडीचा जॅक बसवून कुलूप फाकवता येतं, किंवा पहार घालून पिळता येतं. पाईप, रिम, टायर यांनी ती जागा भरून गेली की हत्यार शिरायला फट राहत नाही. मोठं दणकट यू-लॉक घेऊन ते लोंबकळत ठेवणारे बघितले की मला खरंच चुकचुकायला होतं. साखळीचंही तसंच. जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवला की दुसऱ्या दांड्यावर अख्ख्या अंगाचा भार देता येतो. साखळी उंच आणि घट्ट असली तर नुसत्या दंडाच्या जोरावर तोडावी लागते. चावीचं भोक शक्यतो खाली. पाणी, धूळ जात नाही आणि तिथं खटपट करणं अवघड होतं.

विकत घेताना जाडी बघा. कडक केलेल्या पोलादाची 16 मिलिमीटरची कडी हातानं चालवायच्या कटरला दाद देत नाही; 10 मिलिमीटरची मोठ्या कटरनं तुटते. दुसरी गोष्ट कुणी विचारतच नाही: यू-चे दोन्ही पाय आडव्या दांड्यात लॉक होतात, की एकच? एकच होत असेल तर एका ठिकाणी कापून यू फिरवला की सुटला. दोन्ही होत असतील तर सहसा दोनदा कापावं लागतं. म्हणजे दुप्पट वेळ, दुप्पट किंचाळ्या. ग्राइंडरचा आवाज ऐकलाय ना?

वेष्टनावरच्या आकड्यांवर विसंबू नका. "सिक्युरिटी 9" वगैरे बरेचदा कंपनीनं स्वतःलाच दिलेले मार्क असतात. बाहेरच्या संस्थेची चाचणी बघा. ब्रिटनची सोल्ड सिक्युअर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. नेदरलँड्सची एआरटी तारे देते. आणि जुनं, गोल नळीसारख्या किल्लीचं कुलूप कुणी फुकट दिलं तरी नको. 2004 मध्ये इंटरनेटवर व्हिडिओ आला आणि जगाला कळलं की क्रिप्टोनाइटसारख्या नामांकित कंपनीची गोल किल्लीची कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीनं उघडतात. कंपनीनं मोठ्या प्रमाणावर कुलपं फुकट बदलून दिली.

आता कशाला बांधायचं? आधी तो खांब हलवून बघा. खरंच, हातानं गदगदा हलवा. पाट्यांचे खांब बुटके असतात, सायकल कुलपासकट वरून काढता येते. स्टँड नुसत्या नटबोल्टवर उभा असतो. कधी पाईप आधीच कापून वर टेप किंवा स्टिकर चिकटवलेला असतो, सावज यायची वाट बघत. जमिनीत गाडलेला, उलट्या यू-च्या आकाराचा जाड पाईप सगळ्यात चांगला. नुसतं पुढचं चाक खोचायचे स्टँड ज्यानं बनवले, त्याची सायकल बहुधा कधी चोरीला गेली नसावी.

सीट, लाइट, पंप काढून नेता येत असेल तर न्या. सीटच्या बोल्टच्या षटकोनी खळग्यात छोटा छर्रा बसवून गोंदानं चिकटवतात, म्हणजे अ‍ॅलन की शिरत नाही. स्वस्त आणि मस्त. फक्त सीटची उंची बदलायची झाली की आपलाच घाम निघतो.

एक डाव लक्षात ठेवा. परत आलात आणि सायकलला भलतंच दुसरं कुलूप लागलेलं दिसलं, किंवा चाक पंक्चर. नाइलाजानं रात्रभर सायकल तिथंच सोडावी, हाच कधीकधी त्यामागचा बेत असतो. ढकलत न्या, उचलून न्या, पोलिसांना बोलवा, पण रात्रभर तिथं ठेवू नका.

आणि घरी? इमारतीचा जिना, पार्किंग, व्हरांडा इथूनही सायकली जातात. तिथं तर चोराला निवांतपणा मिळतो. आतही कशाला तरी बांधा. राइड नोंदवणारं अ‍ॅप वापरत असाल तर सुरुवातीची आणि शेवटची जागा लपवायची सेटिंग आत्ताच चालू करा, नाहीतर घराचा पत्ता आणि सायकलचं मॉडेल तुम्हीच जगाला सांगताय.

ट्रॅकरबद्दल, म्हणजे सायकल कुठे आहे ते फोनवर दाखवणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल, थोडक्यात. लपवा जरूर, पण मे 2024 पासून अ‍ॅपल आणि गुगल दोघांच्या फोनवर "अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय" अशी सूचना येऊ शकते. ती चोरालाही येईल. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्यानं दार ठोठवायला जाऊ नका, तो ठिपका पोलिसांना दाखवा.

(सायकल उलटी करते.)

शेवटचं काम, ते व्हिडिओ बघता बघताच करा. सायकल उलटी करा. पेडलचा आस जिथून जातो त्या नळकांड्याच्या तळाशी बहुतेकदा फ्रेम नंबर कोरलेला असतो. नाही सापडला तर सीटच्या पाईपवर किंवा हँडलखालच्या पुढच्या पाईपवर शोधा. त्याचा फोटो, पूर्ण सायकलचा फोटो, बिल, ओरखडे, स्टिकर, सगळं एका जागी ठेवा, आणि फोनखेरीज दुसरीकडेही. सापडलेली सायकल तुमचीच हे सिद्ध करायला याशिवाय हातात काही नसतं. बाइक इंडेक्ससारख्या सायकलींच्या ऑनलाइन नोंदवहीत फुकट नोंदवता येतं. जुनी सायकल घेताना हाच नंबर तिथं टाकून बघा. नंबर घासलेला असेल किंवा नेमकी त्याच जागी रंगाची ताजी फुंकर मारलेली असेल, तर विकणारा कितीही गोड बोलू दे, व्यवहार मोडा.