पार्ट बंद झालाय म्हणता? आधी नंबर बघा! | जुनी पोर्शे ९४४ पुन्हा उभी करताना

नमस्कार मंडळी! आधी हे बघा.

[रिले कॅमेऱ्याजवळ धरतो]

काडेपेटीएवढी काळी डबी. हिच्यामुळे गेल्या मे महिन्यात माझी गाडी ए ८१ महामार्गावर, हाइलब्रोनच्या अलीकडे, चालता चालता बंद पडली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. इंजिन गेलं आणि गाडी नुसती घरंगळत राहिली. कशीबशी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर सगळं जागच्या जागी. वीस मिनिटांनी चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू! चार किलोमीटर गेलो आणि परत बंद.

गाडी आहे पोर्शे ९४४, १९८७चं मॉडेल. आणि हा तिचा डीएमई रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज जाते ती याच्यातून. झाकण काढून दाखवतो. ही पितळी पिन दिसतेय? तिच्या बुडाशी सोल्डरला गोल चीर गेलीय, केसाएवढी. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तरच दिसते. रिले तापला की हा जोड सुटतो, गार झाला की परत टेकतो. म्हणून ती वीस मिनिटं.

हा रिले मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतला होता, कंपनीच्या किमतीच्या एक तृतीयांशात. तेव्हा कंपनीचा का नाही घेतला? कारण जुना नंबर टाकला की सगळीकडे एकच उत्तर यायचं: बंद झाला, मिळत नाही. मी ते खरं मानलं.

आता हा दुसरा बघा, कंपनीचा. डबीवरचा नंबर वाचतो: ९९३ ६१५ २२७ ००. गाडी ९४४, आणि पार्ट ९९३ने सुरू होतोय! आजचा सगळा व्हिडिओ या एका गोष्टीवर आहे, कारण जुन्या गाडीचे निम्मे 'न मिळणारे' पार्ट इथेच हरवतात.

पोर्शेच्या जुन्या पार्ट नंबरात पहिले तीन आकडे सांगतात की हा पार्ट मुळात कोणत्या गाडीसाठी काढला. पुढच्या तीन आकड्यांत जागा कळते: १ने सुरुवात झाली तर इंजिनाकडचा, ५ असेल तर बॉडीचा, ६ म्हणजे विजेचा. आपला ६१५, म्हणजे विजेचा. मग तो नेमका पार्ट, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे आवृत्ती. ०० म्हणजे पहिली, ०१ म्हणजे त्यात काहीतरी सुधारलंय.

हा रिले आधी ९४४च्या नंबराने मिळायचा. मग १९९०च्या दशकात पोर्शेच्याच ९११ या गाडीची ९९३ पिढी आली, तिलाही असाच रिले लागत होता. कंपनीने नवा नंबर काढला आणि जुना मिटवला. पार्ट कुठेही गेला नव्हता, त्याचं फक्त नाव बदललं होतं. जुन्याच नावाने हाका मारल्यावर तो 'ओ' कसा देणार?

उलटंही होतं. ९४४च्या कॅटलॉगमध्ये ४७७ने सुरू होणारे नंबर भेटतात. ते तिच्या आधीच्या ९२४चे. ९२४ पोर्शेने मुळात फोक्सवागनसाठी आखली होती, म्हणून त्या नंबरांची धाटणीच वेगळी आहे. असा नंबर दिसला की घाबरू नका, तो तुमच्याच गाडीचा आहे.

पुण्याला नाना पेठेत आपण काय करतो? जुना पार्ट फडक्यात गुंडाळून नेतो, काउंटरवर ठेवतो. शेठ तो हातात घेऊन फिरवतात आणि विचारतात, "ओरिजिनल देऊ की लोकल?" त्यांची नजर इतकी तयार असते की बऱ्याचदा काम होतं. इथे स्टुटगार्टला मी पहिल्यांदा असाच पिशवी घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, चासी नंबर सांगा.

आणि त्यांचं बरोबर होतं. १७ अक्षरांच्या त्या नंबरात माझ्या गाडीचं दहावं अक्षर आहे एच, म्हणजे १९८७चं मॉडेल. अकरावं एन, म्हणजे नेकारझुल्म. हो, ९४४ स्टुटगार्टच्या पोर्शेच्या कारखान्यात नाही बनली. ती बनली नेकारझुल्मला, आउडीच्या कारखान्यात, १९८२ ते १९९१. एक लाख ६३ हजारांवर गाड्या निघाल्या. त्या काळात ती आतून सतत बदलत होती. १९८५च्या मध्यावर डॅशबोर्ड बदलला, पुढचे सस्पेन्शन आर्म लोखंडाचे होते ते ॲल्युमिनियमचे झाले. १९८७च्या मॉडेलपासून चाकांचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, बदललं. म्हणजे १९८६ची चाकं, दिसायला तीच, माझ्या गाडीला नीट बसणार नाहीत. फोटो बघून पार्ट घेणाऱ्याचा पैसा इथे बुडतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'सर्व ९४४साठी'. असं लिहिलं असेल तर दोनदा विचारा.

आता नेहमीचा प्रश्न. सगळेच पार्ट कंपनीच्या डबीतले घ्यायचे का? माझं स्पष्ट मत: नाही. पोर्शे स्वतः स्पार्क प्लग बनवत नाही, क्लच बनवत नाही. बॉश बनवते, झाक्स बनवते. तोच पार्ट त्यांच्या स्वतःच्या डबीत मिळाला तर तो तितकाच अस्सल आहे. कधी कधी तर अशा पार्टवर एक जागा ग्राइंडरने घासलेली दिसते. बोट फिरवलं तर खरखरीत लागते. तिथे गाडीच्या कंपनीचा लोगो होता, तो घासून काढलेला असतो. साचा तोच. तेव्हा फिल्टर, प्लग, क्लच यांसाठी बिनधास्त बनवणाऱ्याची डबी घ्या.

पण दोन ठिकाणी मी एक पैसा वाचवत नाही. एक, रबर: दारांची, काचांची सील. लोकल रबर पहिल्या दिवशी सुंदर बसतं, आणि दोन हिवाळ्यांत आकसून कोपऱ्यात बोटभर फट पडते. त्या फटीतून पाणी पत्र्याखाली जातं. ९४४चा पत्रा जस्त चढवलेला आहे, म्हणूनच इतक्या गाड्या शाबूत आहेत; पण साचलेलं पाणी जस्तालाही सोडत नाही.

दुसरं, टायमिंग बेल्ट आणि त्याच्या भोवतीचं सगळं. इथे जरा थांबूया.

[जुना बेल्ट हातात घेतो]

२,४७९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरला थरथर येते, म्हणून पोर्शेने त्यात दोन बॅलन्स शाफ्ट घातले. ही पद्धत मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरली. ते शाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दुप्पट वेगाने फिरतात. म्हणजे बेल्ट दोन: एक कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, आणि एक बॅलन्स शाफ्टचा. हा माझ्या हातातला बॅलन्सचा. बघा, दोन्ही बाजूंना दाते आहेत, कारण एक शाफ्ट उलटा फिरवायचा असतो. आता हा वाकवतो. दातांच्या मुळाशी या बारीक रेघा दिसल्या? आणि इथे चकाकतंय ते तेल. पुढच्या ऑइल सीलमधून झिरपलेलं. तेल लागलेला बेल्ट फुगतो, मऊ पडतो.

कॅमचा बेल्ट तुटला तर काय होतं? या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात. बेल्ट तुटल्या क्षणी कॅम थांबतो, पिस्टन येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात. हेड खाली उतरवावं लागतं. म्हणून बेल्ट बदलताना रोलर, ऑइल सील आणि त्याच बेल्टच्या पाठीवर फिरणारा पाण्याचा पंप, हे सगळं एकदम बदला. आणि बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून बघू नका. कंपनीचं ताण मोजायचं हत्यार आहे, पी ९२०१. ते भाड्याने किंवा कुणाकडून मागून आणा.

आता मला मनापासून वाटणारी गोष्ट. नवा पार्ट मिळतो म्हणून जुना फेकू नका. गाडीत आहे तोही कंपनीचाच पार्ट आहे, आणि त्याने ३५ वर्षं नोकरी केलीय. माझ्या गाडीचं किलोमीटर मोजणारं यंत्र बंद होतं, स्पीडोमीटर मात्र चालू. सगळे म्हणाले, अख्खं मीटर बदल. उघडलं, तर आत एक प्लास्टिकचं दातेरी चाक, नखाएवढं. चिमट्याने उचललं तर बिस्किटासारखा भुगा झाला. तेवढं एक चाक बदललं. आकडे जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू झाले. मीटर तेच राहिलं, तबकडीवरचा तो फिकट पडलेला नारिंगी काटाही तोच.

जर्मनीत याला कागदोपत्रीही महत्त्व आहे. ३० वर्षांवरची गाडी चांगल्या, मूळ अवस्थेत असेल तर नंबरप्लेटवर शेवटी 'एच' अक्षर मिळतं. मग रस्ताकर वर्षाला ठरावीक १९१ युरो ७३ सेंट, इंजिन कितीही मोठं असो. पण तपासणीस गाडीभोवती फिरून बघतो की जे लावलंय ते त्या काळाला शोभणारं आहे का. डॅशबोर्डात टचस्क्रीन ठोकली असेल तर तुम्हाला त्याला ते समजावून द्यावं लागेल.

आणि खरोखरच संपलेला पार्ट? तसेही असतात. पोर्शे ९५९च्या फक्त २९२ गाड्या बनल्या. तिच्या क्लचचा एक लिव्हर मिळेनासा झाला, तेव्हा २०१८च्या सुमारास पोर्शे क्लासिकने, म्हणजे कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने, तो पोलादाच्या भुकटीतून लेझरने, थरावर थर चढवत छापला आणि जवळपास तीन टन भार देऊन तपासला. एका लिव्हरसाठी एवढं! कंपनीने हे केलं याचा मला फार आनंद आहे. ९४४वाल्यांसाठी असं किती होईल माहीत नाही, पण आपल्या लाखभर गाड्या होत्या, त्यामुळे आपले बरेच पार्ट अजून कुठल्या ना कुठल्या नंबराखाली जिवंत आहेत.

हेच तुमच्या वडिलांच्या पद्मिनीला किंवा काँटेसालाही लागू आहे. पार्ट खोलला की फेकण्याआधी धुवा, उलटा करा, त्यावर ओतलेला किंवा ठसा मारलेला नंबर शोधा, फोटो काढा. मग तो नंबर पुढे कशात बदलला ते विचारा.

माझ्या गाडीत आता हा नवा रिले जातोय. मागच्या काचेच्या दाराचं रबर मागवलंय, ते अजून यायचंय. तोवर पाऊस आला की डिकीत जुना टॉवेल अंथरतो. रबर आलं की ते बसवताना कॅमेरा चालू ठेवेन.