कॅन्सर नव्हताच. मग डॉक्टर काहीच का बोलले नाहीत?

नमस्कार मंडळी. आज बेळगावातून एका अवघड विषयावर बोलणार आहे.

घरातल्या कुणाला डॉक्टरांनी जीवघेणा आजार सांगितला. सगळं घर हादरलं. पुढं काही आठवड्यांनी कळलं, तो आजार नव्हताच. येणारा-जाणारा म्हणतो, "सुटलात की, देवाची कृपा." आणि ते सुटलेलं माणूस रात्री दचकून उठत असतं. ज्यांनी आजार सांगितला त्यांच्याकडून "आमचं चुकलं" एवढे दोन शब्दही येत नाहीत. अशा माणसानं आणि त्याच्या घरच्यांनी काय करायचं, त्यावर हा व्हिडिओ आहे.

माझ्या मामीचं सांगते, तिला विचारूनच. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव घेणार नाही. मामी खानापूर तालुक्यातली, पन्नाशी ओलांडलेली. पोट फुगायला लागलं, भूक मेली, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरलं. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. रक्तात सीए-१२५ वाढलेलं. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आतलं आवरण जाड झालेलं. एवढ्यावर सांगितलं गेलं: अंडाशयाचा कॅन्सर आहे, पोटभर पसरलाय, आता घरी न्या, हवं-नको बघा.

यात काय राहिलं होतं? पोटातल्या त्या आवरणाचा तुकडा काढून तपासलेला नव्हता, म्हणजे बायोप्सी झालेली नव्हती.

इथं जरा थांबते, कारण ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी. सीए-१२५ हा रक्तातल्या एका प्रथिनाचा आकडा. साधारण ३५ पर्यंत तो ठीक मानतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो हे खरं. पण गर्भाशयाच्या गाठींमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), लिव्हर खराब झाल्यावर, गरोदरपणात, अगदी पाळीच्या दिवसांतसुद्धा तो वाढू शकतो. आणि पोटाच्या टीबीमध्ये तर कित्येक शेकड्यांवर जातो. पोटाचा टीबी म्हणजे पोटात पाणी, जाड आवरण, उतरलेलं वजन, वाढलेलं सीए-१२५. कागदावर हे सगळं पसरलेल्या कॅन्सरसारखंच दिसतं. पेट स्कॅनमध्येसुद्धा टीबीची जागा कॅन्सरसारखी उजळते, कारण तो स्कॅन साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवतो आणि टीबीच्या सुजेतल्या पेशीही साखर खातात. पोटातल्या पाण्यात टीबीचे जंतू इतके कमी असतात की नुसत्या पाण्याच्या तपासणीत बऱ्याचदा सापडत नाहीत. म्हणून दुर्बिणीनं आत बघून तुकडा घेतात, तो पॅथॉलॉजीला जातो, आणि मग कळतं नेमकं काय आहे.

मामाच्या मेव्हण्यानं हट्ट धरला, दुसरीकडं नेलं, तिथं तुकडा घेतला. टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं, सरकारी दवाखान्यातून फुकट. मामी आज शेतात जाते.

गोष्ट इथं संपली असं बघणाऱ्याला वाटतं. मला मधल्या दिवसांबद्दल बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, मामीला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये माझ्या मामेभावाशी बोलले, अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी. "पेशंटला सांगू नका" हे मात्र स्पष्ट. आपल्याकडं असंच असतं, आजार बाईचा आणि बातमी पुरुषांना. पण मामाचं तोंड बघून तिला कळायचं ते कळलं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. एक दिवस सगळ्यांना बोलावलं आणि दागिने वाटायला घेतले. बोरमाळ थोरल्या सुनेला, पाटल्या लेकीला, लग्नातली पैठणी धाकटीला. माहेरची बहीण चंदगडाहून आली, चार दिवस राहून, रडून गेली. गावातली माणसं नारळ घेऊन भेटायला येऊ लागली.

आणि मग टीबी निघाला. आता बोरमाळ परत मागायची कशी? सुनेनं स्वतःहून आणून दिली, तर मामी म्हणाली, "असू दे की, दिलं ते दिलं." खरं ती बोरमाळ सुनेच्या गळ्यात दिसली की मामीचा चेहरा उतरतो, हे आम्ही सगळे बघतो. स्वतःच्या मरणाची तयारी करून बसलेल्या माणसाला "आता विसर" म्हणून ते विसरता येत नाही. पोटात साधा गॅस झाला तरी तिचे हात गार पडतात. रिपोर्टचं पाकीट ती उघडू देत नाही.

त्यात आणखी एक. कॅन्सर नाही म्हटल्यावर लोक विचारणार, मग काय होतं? टीबी म्हणायला घरच्यांना लाज. ताट-पेला वेगळा ठेवतील, पोरीबाळींच्या लग्नात विषय निघेल. म्हणून "पोटाचा विकार" एवढंच सांगत राहिले. फुप्फुसात टीबी नसेल, फक्त पोटात असेल, तर तो शेजारी बसून, एका ताटात जेवून लागत नाही. मी हे घराघरात सांगत फिरले आहे, इथंही सांगते.

आता डॉक्टरांकडं येऊ. मामा नवा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडं गेले. भांडायला नव्हते गेले. त्यांना वाटलं, डॉक्टर बघतील, दोन शब्द बोलतील. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "स्कॅनमध्ये तसंच दिसत होतं. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे." आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

मामा मला म्हणाले, "कॅन्सर ऐकला तेव्हा रडलो नाही गं, त्या दिवशी बसस्टँडवर रडलो."

माझं मत सरळ सांगते. निदान चुकू शकतं. जगभर चुकतं. १७ सप्टेंबर २०२४ च्या जागतिक रुग्ण सुरक्षा दिनाला जागतिक आरोग्य संघटनेनं विषयच अचूक निदानाचा निवडला होता. अवघड केसमध्ये फसलेल्या डॉक्टरांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण चूक समोर आल्यावर गप्प राहणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथं अवघड असं काही नसतं, कुठली मशीन लागत नाही. तिथं माणसाला माणसासारखं वागवलं की नाही एवढाच प्रश्न असतो, आणि माझ्या लेखी तो पहिल्या चुकीपेक्षा मोठा आहे.

ते बोलत का नाहीत? एक कारण भीती. माफी मागितली की उद्या कोर्टात तीच कबुली म्हणून उभी करतील. ही भीती ओळखून इंग्लंडनं २००६ च्या कायद्यात लिहून टाकलं की माफी म्हणजे आपोआप दोषाची कबुली नव्हे. २०१४ पासून तिथल्या सरकारी दवाखान्यांवर गंभीर चूक झाली की रुग्णाला ती सांगून माफी मागण्याचं बंधनच आहे. दुसरं कारण आपणच घडवलंय. आपण डॉक्टरांना देवमाणूस म्हणतो आणि चप्पल बाहेर काढून आत जातो. देवाला कोण जाब विचारणार?

मग आपण काय करायचं? माझा अनुभव असा की माफीची वाट बघत बसलात तर तुमचं बरं होणं त्या माणसाच्या हातात राहतं. म्हणून त्यांनी माफी मागावी असा हट्ट धरू नका, त्यांच्याकडं उत्तर मागा. लेखी मागा.

एक पत्र लिहा. तारीख, काय सांगितलं गेलं, कुठल्या तपासण्यांवरून, नंतर काय निघालं. शिव्या नकोत, "आमचा तळतळाट लागेल" नको. आणि शेवटी प्रश्न: तुकडा न तपासता निदान का सांगितलं? आणि पुढच्या पेशंटच्या बाबतीत तुम्ही काय बदलणार आहात? मराठीत लिहा, सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे "आम्हाला वाचता आलं नाही" ही पळवाट राहणार नाही. डॉक्टरांना आणि दवाखान्याच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटना, दोघांना स्पीड पोस्टानं पाठवा. उत्तर येईल न येईल. आमच्या मामांनी पत्र सांगून लिहून घेतलं, त्यात मामीनं स्वतःचं एक वाक्य घालायला लावलं: "मला कुणीच काही विचारलं नाही." त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी नीट झोपली, हे मामांनीच सांगितलं.

कागदपत्रांचं नीट ऐका. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात आणि रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या, सही-शिक्का आणि तारखेसकट. सीटी स्कॅनची नुसती फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागा. तुकडा तपासला असेल तर काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक दोन्ही मागा. दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटा मेमोरियलला किंवा बेंगळुरूला किदवईला, या कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्यांत, गेलात तर तिथले पॅथॉलॉजिस्ट तोच तुकडा पुन्हा बघू शकतात.

दाद मागायची असेल तर थोडक्यात सांगते. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच ठरवलंय. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्यामुळं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपल्या भागात याचा मोठा उपयोग आहे, कारण आपण उपचाराला मिरजेला जातो, कोल्हापूरला जातो, गोव्यात बांबोळीला जातो. तारखेला तिकडं हेलपाटे घालायची गरज नाही, बेळगावातच तक्रार दाखल होते. सगळ्यांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याला मात्र हा मार्ग लागू होत नाही. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार त्यांची नोंदणी ज्या राज्यात आहे तिथल्या मेडिकल कौन्सिलकडं जाते, म्हणजे निपाणीच्या माणसानं कोल्हापुरात दाखवलं असेल तर बहुतेक वेळा महाराष्ट्राच्या.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की नुसतं निदान चुकलं म्हणजे कायद्यानं हलगर्जीपणा होत नाही. साधारण कुशल डॉक्टरनं जे केलंच असतं ते इथं केलं गेलं का, हे बघतात. आमच्या घरी यावर दोन मतं होती. मामांनी केस करायची नाही असं ठरवलं. मामेभावाला ते अजून पटलेलं नाही. तुमच्या घरात जे ठरेल ते ज्याच्यावर बेतलं त्याला विचारून ठरवा.

आता एक गोष्ट अगदी कळकळीनं. हा व्हिडिओ बघून "आमच्या आईचाही टीबीच असेल" म्हणून कॅन्सरचे उपचार थांबवू नका. उलटंही घडतं. एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरू होतात, महिने निघून जातात आणि फुप्फुसातला कॅन्सर वाढत राहतो. दुसरं मत घ्यायचं तर लगेच घ्या, त्याच आठवड्यात हालचाल करा. पहिल्याच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे कशावरून म्हणता? तुकडा तपासलाय का? दुसरं काय असू शकतं? डॉक्टरांना मराठी येत नसेल तर शेवटचा प्रश्न कन्नडमध्ये, "बेरे एनिरबहुदु?" चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत, खुर्ची पुढं ओढून समजावतात. असे डॉक्टर आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत, मामीला वाचवणारेही त्यांच्यातलेच.

आणि मनाचं. धडधड, झोप न लागणं, दवाखान्याची पायरी चढवत नाही, आतून राग उसळतो. हे सगळं धोका टळल्यावर येतं, आणि म्हणूनच घरच्यांना कळत नाही. "आता काय झालंय रडायला" असं म्हणू नका. जेवढं झालं तेवढं त्या माणसाला बोलू द्या, तेच तेच बोललं तरी. महिनाभरानंतरही झोप येत नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस म्हणतात, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं नि कन्नडमध्येही. समोर बसून बोलायचं असेल तर धारवाडला डिमहान्स हा मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना आहे. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं, असं अजून आपल्याकडं समजतात. तुम्ही तसं समजू नका.

पत्राचा आणि कागद मागण्याच्या अर्जाचा नमुना मराठी आणि कन्नड दोन्हीत खाली वर्णनात ठेवलाय. नाव, तारीख, केस पेपरचा नंबर तेवढा भरा. ७२ तासांची ओळ काढू नका, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.