ब्रे : चढही तोच, उतारही तोच

[दृश्य : समुद्रालगतचा डांबरी रस्ता. एक गाडी थांबते.]

निवेदन :

इंजिन बंद आहे. हँडब्रेक सोडलाय. आणि तरीही बघा, गाडी हळूहळू चढावर निघाली.

हा स्कॉटलंडच्या एअरशरमधला ए-७१९ रस्ता. त्यातला जेमतेम पाव मैलाचा तुकडा, नाव इलेक्ट्रिक ब्रे. पूर्वी लोकांना वाटायचं, या टेकडीच्या पोटात वीज आहे, नाहीतर चुंबक, आणि तेच गाड्या वर ओढतं. नाव तेव्हाचं. रस्त्याकडेच्या शिळेवर खरा हिशेब कोरलाय : वळणापाशी उंची २८६ फूट, झाडीकडच्या टोकाला ३०३ फूट. म्हणजे झाडीकडून वळणाकडे जाताना डोळ्यांना जो चढ दिसतो, तो उतार आहे. दोन्ही बाजूंच्या जमिनीची ठेवणच अशी, की नजर फसते. गाडी उतारावरूनच घरंगळत असते.

विजेचं कोडं सुटलं. आपल्याला थांबायचंय ते नावातल्या दुसऱ्या शब्दापाशी. ब्रे.

[दृश्य : टेकडीची हिरवी उतरण, खाली नदी.]

स्कॉट्स बोलीत टेकडीची उतरण म्हणजे ब्रे. नदीचा उंच, खाली उतरत आलेला काठ म्हणजेही ब्रे. गावातला दम काढणारा रस्ता, तोही ब्रेच. एडिनबर्गमधला लिबर्टन ब्रे हा तर रोजच्या रहदारीचा रस्ता. माथ्याला म्हणायचं ब्रेहेड, पायथ्याला ब्रेफिट.

शब्द आला स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून. तिथे 'ब्रा' म्हणजे पापणीचे केस. डोळ्यावर पापणी झुकते, तशी दरीवर झुकलेली टेकडीची कड. आपणही डोंगराला माथा, खांदा, सोंड, कूस देतो. पापणी मात्र आपल्याला सुचली नाही. (नकाशावर ब्रेमार हे गाव दिसलं तर फसू नका. तिथला 'ब्रे' स्कॉटलंडच्याच दुसऱ्या भाषेतला, गेलिकमधला, अर्थ 'वरचा भाग'.)

मला या शब्दाचं विशेष वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आपण पायथ्याशी उभे असलो तर चढ म्हणतो, माथ्यावर असलो तर उतार. ब्रेला ही अट नाही. चढणाऱ्याचा तोच, उतरणाऱ्याचाही तोच. म्हणून तर आयुष्याची दोन्ही टोकं त्यात मावतात. माणूस थकत चालला, की स्कॉट्स माणूस म्हणतो, तो 'डून द ब्रे' निघालाय, ब्रे उतरायला लागलाय. आपल्याकडचं उतारवय आठवतं ना? आणि उमेद बांधण्यासाठी त्यांची एक जुनी म्हण आहे : 'स्टे ब्रे'ला घट्ट काळीज लाव. स्टे म्हणजे उभा, छातीवर येणारा.

[दृश्य : उतरणीवर पांढरी रानफुलं. दूरवर बँडचा सूर.]

हा सूर ओळखलात? 'ऑल्ड लँग साइन', म्हणजे फार जुने दिवस. एअरशरच्याच रॉबर्ट बर्न्स या कवीने १७८८ मध्ये लिहून काढलेलं गाणं. जगभर त्याचं पहिलं कडवं आणि धृपद म्हणतात, आणि तिथेच थांबतात. पुढे एका कडव्यात दोन जुने मित्र आठवण काढतात : आपण दोघं या ब्रेंवर धावलो, डेझीची फुलं तोडली, त्यानंतर मात्र पाय फार दूर दूर भटकले, थकले. अख्ख्या गाण्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते हे कडवं. बालपणाचं दुसरं काहीच त्यात नाही, घर नाही, शाळा नाही. फक्त उतरण, फुलं आणि बरोबर धावणारा मित्र.

[दृश्य : पुणे, खडकवासला. संचलनाचं मैदान.]

हाच सूर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही वाजतो. दीक्षांत संचलनाच्या शेवटी, संथ पावलं टाकत छात्र मैदानाबाहेर पडतात तेव्हा. तीन वर्षं ही मुलं आसपासच्या टेकड्यांवर एकत्र धावलेली असतात. बँडवर शब्द नसतात. ब्रेचं कडवं कुणी म्हणत नाही. मैदानामागे डोंगर उभे असतात, आणि शेवटची रांग 'अंतिम पग', म्हणजे प्रबोधिनीतलं अखेरचं पाऊल, ओलांडून जाते.