आधी स्पिरिटचा बोळा

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी सागवानी काहीतरी असणारच. सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो आपण. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, जुन्या घरात खांब सागाचा, दार सागाचं, पलंगही सागाचा. घर पाडून स्लॅब टाकला की तोच पलंग भंगारात जातो, नाहीतर त्याला चॉकलेटी ऑइल पेंट फासतात. हल्ली मोबाइलवर बघून लोक जुना रंग-पॉलिश काढायला थेट सँडिंग मशीन, म्हणजे घासायचं यंत्र, घेऊन तुटून पडतात. माझी हरकत तिथेच आहे.

लाकडावर काय चढलंय ते आधी बघा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पलंगाच्या मागच्या, नजरेआडच्या कोपऱ्यावर मिनिटभर धरा. जागा चिकट झाली, बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, तर ते चपड्याचं पॉलिश. चपडा म्हणजे आपल्या पळसा-बोरीवरच्या किड्यांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळते. तिथे मशीन कशाला? स्पिरिट, जुन्या धोतराचं फडकं आणि चिकाटी पुरते. हातभर जागा घ्या, फडकं काळं झालं की घडी बदला. खिडक्या उघड्या ठेवा, बिडीवाल्याला लांब बसवा. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ पडलं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. दोन्हींना ढिम्म, तर बहुधा ऑइल पेंट नाहीतर मेलामाइन, म्हणजे कडक बसणारं रासायनिक पॉलिश.

ऑइल पेंटला रिमूव्हर, म्हणजे रंग सोडवणारं रसायन, लागतो. ब्रशने जाड थर द्या, रंगाला सुरकुत्या पडू द्या, मग पुट्टीच्या पत्रीने उचला. घाईने खरवडलं तर पत्री लाकडात रुतते. हातमोजे हवेत, काम अंगणात हवं. आजोबांच्या काळातला रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ती धूळ रांगत्या पोराच्या तोंडात जाते. ओलं करून घासा.

कोणी कॉस्टिक सोडा सुचवेल. स्वस्त आहे, पण साग काळा पडतो, सरसाने बसवलेले सांधे सुटतात. नको.

पॉलिश पेपर १२० नंबरने सुरू करा, १८०, मग २२०; आकडा मोठा तसा दाणा बारीक. हात कायम रेषांच्या दिशेने चालवा; आडवा ओरखडा आत्ता दिसत नाही, पॉलिश चढलं की उठून दिसतो. आणि विनियरच्या, म्हणजे प्लायवर लाकडाचा पापुद्रा चिकटवलेल्या, कपाटाला पेपर अगदी हलका. वरचं लाकूड कागदाएवढं असतं, खालचा प्लाय उघडा पडला की संपलं.

नवं पॉलिश चपड्याचंच करा, माझं तरी मत तसं. लिटरभर स्पिरिटला शे-दीडशे ग्रॅम चपडा, रात्रभर काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात काळवंडतो. मलमलीतून गाळून कापसाच्या पुरचुंडीने पातळ हात द्या. जाड एका हातापेक्षा पातळ सहा बरे. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नका, दमट हवेत वर पांढरट धुकं धरतं.

मघाशी मावशींनी जवसाच्या तेलाचं विचारलं. लावा की, सागाला छान दिसतं. फक्त तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती ऊब साठून काडी न लावता पेट घेते. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.