जितके पाण्यात गेले, तितके बाहेर आले का?

नमस्कार मंडळी. १८ फेब्रुवारी १९७८ या दिवशी हवाईच्या ओआहू बेटावर १५ माणसं समुद्रात उतरली. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी बेटावरच्या तीन शर्यती एका दिवसात गुंफल्या होत्या. आधी ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन पळायची. आज आपण आयर्नमॅन म्हणतो ती ही शर्यत. त्या दिवशी १२ जणांनी ती पुरी केली. वाटेत पाण्याची सोय नव्हती, ज्याने त्याने आपली मदतीची माणसं सोबत आणायची होती. दुसरे आलेले जॉन डनबार पळत असताना त्यांच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्यांना बिअर पाजली. हा किस्सा लोक हसत हसत सांगतात. मला तो ऐकून हसू येत नाही. अकरा-बारा तास अंग झिजवलेल्या माणसाला पाणी मिळेल की नाही, हे त्या दिवशी नशिबावर सोडलं होतं.

आज ते नशिबावर नाही. धावण्याच्या मार्गावर साधारण दर दोन किलोमीटरला टेबल असतं. पाणी, बर्फ, केळी, मीठ सगळं हातात मिळतं. ते देणारे स्वयंसेवक पहाटे तीनला उठून आलेले असतात आणि त्यांना कुणी पैसे देत नाही. या खेळाचं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते हे. जर्मनीतल्या रोथला जुलैत जी शर्यत होते, ती १९८४ पासून गावाने जपली आहे. पोहणं होतं माइन-डॅन्यूब कालव्यात, त्यासाठी कालव्यातली जहाजं थांबवतात. सोलारर बेर्ग नावाच्या चढावर इतकी गर्दी उसळते की सायकलवाल्याला जेमतेम एक चाक जाईल एवढी वाट उरते. आपली वारी गावात शिरते तेव्हा गाव कसं दारात उभं राहतं, तसं. आणि तिथे शेवटच्या स्पर्धकाचं स्वागत आतषबाजीच्या रात्री होतं, विजेता केव्हाच आंघोळ करून, जेवून आलेला असतो.

आता ज्यासाठी मी आज उभी आहे, ते सांगते. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा या शर्यतीत, माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पाण्यात. अमेरिकेतल्या २००६ ते २००८ या काळातल्या शर्यतींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. साडेनऊ लाखांहून जास्त सहभाग, १४ मृत्यू, आणि त्यातले १३ पोहताना. सायकलवर एकच, धावण्याच्या उन्हात एकही नाही. ज्यांचं शवविच्छेदन झालं, त्यांतल्या बहुतेकांच्या हृदयात आधीपासून काही ना काही दोष होता. वर गार पाण्याचा धक्का, भीती, शेकडो हातापायांची रेटारेटी. रस्त्यावर छातीत कळ आली तर माणूस खाली बसतो, कुणाला तरी दिसतो. पाण्यात तो दिसेनासा होतो.

संयोजकाला स्पर्धकाचं हृदय दुरुस्त करता येत नाही, पण रेटारेटी कमी करता येते. एका बंदुकीसरशी दोन हजार माणसं पाण्यात सोडण्याची जुनी पद्धत होती. २०१३ पासून आयर्नमॅनने अनेक ठिकाणी ती बदलायला घेतली आणि माणसं थोडी थोडी करून सोडू लागले. जुन्या खेळाडूंना तो थरार गेल्याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत.

काही वर्षांपूर्वी मी आपल्याकडच्याच एका धरणाच्या जलाशयात पोहले. संयोजकांचं नाव घेत नाही. धुकं होतं, वाऱ्याने खुणेचे फुगे सरकले होते, होड्या दोन. एका गृहस्थांच्या पायात गोळा आला. ते समोरच्या काठाला लागले आणि झाडाखाली बसून राहिले. इकडे सायकली सुटल्या, धावणं सुरू झालं. बऱ्याच वेळाने त्यांच्या पत्नीने व्यवस्थेच्या टेबलाशी येऊन विचारलं, "आमचे हे कुठपर्यंत आलेत?" आणि तेव्हा, केवळ तेव्हा, यादी काढून माणसं मोजायला घेतली. पुढचा पाऊण तास ती बाई पाण्याकडे बघत उभी होती. शेवटी एका गुराख्याने गृहस्थांना आणून सोडलं. संध्याकाळी बक्षीस समारंभ ठरल्याप्रमाणे झाला, आणि या प्रकाराबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

मोठ्या नावाने हे आपोआप सुटतं असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडच्या यॉल गावी आयर्नमॅनच्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीत दोन जण पोहताना गेले. वादळामुळे शर्यत एक दिवस पुढे ढकलली होती, पोहण्याचं अंतर कमी केलं होतं. नंतर तिथल्या राष्ट्रीय ट्रायथलॉन संघटनेने सांगितलं की त्या परिस्थितीत आम्ही मान्यता देऊ शकलो नाही. संयोजक म्हणाले, हे आम्हाला शर्यत झाल्यावर कळलं. पहाटे किनाऱ्यावर "आज पाण्यात उतरायचं नाही" हे शेवटी कुणी म्हणायचं? ज्याने प्रवेश शुल्क घेतलंय, ज्याची हॉटेलं भरलीत, त्याच्या एकट्याच्या हातात हा निर्णय असू नये असं माझं ठाम मत आहे. पोहणं रद्द करून नुसती सायकल आणि धावणं घेता येतं. नाराजी दोन दिवस टिकते.

त्याच वर्षी जूनमध्ये हॅम्बुर्गला चित्रीकरणाची मोटरसायकल समोरून येणाऱ्या स्पर्धकावर आदळली आणि मोटरसायकलस्वार जागीच गेला. शर्यत चालूच राहिली. अरुंद रस्ता, दोन्ही दिशांनी स्पर्धक, आणि वर कॅमेऱ्यांच्या गाड्या. हे दृश्य आधी नकाशावर दिसायला हवं होतं.

गावाचंही सांगते. कोना हे हवाईतलं छोटं गाव. २०२२ मध्ये तिथली आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा गुरुवार आणि शनिवार अशी दोन दिवस घेतली, सुमारे पाच हजार स्पर्धक आले. कामाच्या दिवशी रस्ते बंद. ते गावाला पेललं नाही. पुढची तीन वर्षं पुरुष आणि महिलांच्या स्पर्धा आळीपाळीने कोना आणि फ्रान्समधल्या नीस इथे विभागल्या गेल्या, आणि २०२६ साठी पुन्हा कोनाला एकच दिवस ठरला. गावाची मर्यादा आधी विचारायची असते, हा धडा आपल्याही कामाचा आहे. गोव्यात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे अर्ध्या अंतराची शर्यत, झाली, तेव्हा आपली कितीतरी मुलं विमानाचं तिकीट न काढता हे अंतर करू शकली. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण पणजीत रविवार सकाळ म्हणजे मिस्साची वेळ. कुठला रस्ता कधी मोकळा होणार, ते चर्चला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला आठवडाभर आधी, त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

हल्ली मी स्पर्धेत उतरत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या छोट्या शर्यतीत पाण्याच्या काठावर यादी घेऊन उभी राहते. पायातल्या चिपची नोंद यंत्र करतं, तरी मी टोपीवरचा नंबर बघून पेनने खूण करते. गेल्या वेळी १४६ उतरले होते. १४५ खुणा झाल्या आणि पुढे सात मिनिटं कुणी आलं नाही. मग लांबून एक केशरी टोपी दिसली, साठीच्या एक बाई, पाठीवर तरंगत, थांबत थांबत, शेजारी कयाकवाला मुलगा त्यांच्याच गतीने वल्हं मारत. त्यांची वेळ संपली होती, सायकल मिळणार नव्हती, आणि ते त्यांना माहीत होतं. मी १४६ वी खूण केली आणि होडीवाल्यांना हात केला की आता परत या.